चौदा नॅनोमीटर

तार्तूत जानेवारीत चारच्या आत अंधारतं.
तळघरातल्या खोलीला ते कळत नाही.
तिथे पंपाची घरघर,
आणि पोलादी पिंपाच्या भिंगातून दिसणारा
जांभळा उजेड.
वाइके ताल्विक एकतीस वर्षं इथे
काचेवर चांदी चढवते.

तावेत नवा पोरगा. त्याला आरसा हवा होता.
रात्री घाई केली, तवा तापायच्या आधीच झडप उघडली,
सकाळी सुई फिरवून पाहिलं तर
पडद्यावर डोंगरच डोंगर.
चौदा नॅनोमीटर, तो म्हणाला,
घरात कुणी गेल्यासारखं.

तिने स्टूल ओढलं.
हे बघ, जागा कुणी कुणाला नेमून देत नाही.
वरून येतात ते आंधळे येतात,
आदळले तिथे बसले.
पहिला थर निमूट असतो. दुसराही, बहुतेक.
मग एखाद्याच्या डोक्यावर एखादा,
आणि खाली खड्डा राहिला की राहिलाच:
उंचाला आधी मिळतं,
खोलगटावर सावली पडते.
ऊब असली तर अणू हिंडतो,
आपल्या मापाचा कोपरा शोधतो.
काठाशी मात्र थबकतो.
खाली उतरताना क्षणभर
धरायला शेजारी कमी पडतात ना,
तेवढ्यासाठी मागे फिरतो.
वरच राहतो. वर आणखी येतात.

तावेतने वहीत लिहिलं: तापमान वाढवणे.

हाइनो गेल्यावर तीन हिवाळे
ती स्वयंपाकघरातल्या एकाच खुर्चीत बसायची,
जिथे फोन आला होता तिथे,
आणि वरून दिवस पडत राहिले,
हे काही तिने सांगितलं नाही.
नमुना डबीत घातला, तारीख टाकली.

सहाला ती नदीकाठाने घरी निघाली.
पायऱ्यांवर बर्फाची काच.
शेजारच्या उर्वेने त्यावर वाळू फेकून ठेवलेली,
कुठे मूठभर, कुठे चिमूट.
ती बिनघोर चढली.

दाराचे पोपडे उडालेत:
राखाडीखाली हिरवा,
हिरव्याखाली सासूच्या वेळचा पिवळा.
कुलपाच्या वर एक उंचवटा आहे.
पिवळ्या रंगात कुणाच्या तरी ब्रशचा केस अडकला होता.
पुढच्या प्रत्येक हाताने तो झाकला,
आणि थोडा मोठा केला.

किल्ली फिरवण्याआधी त्यावर अंगठा ठेवायची
तिला सवय आहे.
आज जरा जास्त वेळ ठेवला.
चौदा कसले.
पुष्कळच जास्त.