शिक्का

ईस्टरच्या दिवशी, बेचाळीस साली,
पाद्री तोर्लाइफनं व्यासपीठावरून कागद वाचला:
आजपासून मी सरकारचा नोकर नाही.
एवढंच. मग नेहमीचं स्तोत्र.

सोमवारी चालत गेला बंदरावरच्या कचेरीत,
जन्ममृत्यूची वही, पेटीची किल्ली
आणि पितळी शिक्का टेबलावर ठेवून आला.
मंगळवारपासून पुन्हा आजाऱ्यांच्या घरी, होडीनं.

मी घंटा वाजवणारा. मला उलगडेना,
छप्पर सरकारी पैशाचं, सरपणही;
मग बाप्तिस्म्याचं पाणी कुणाचं?
त्याला विचारलं, तर म्हणाला, विहिरीचं.

पगार थांबला. दाराशी कुणी न बोलता ठेवून जाई
सुकवलेला कॉड, अर्धं पोतं बटाटे.
एकदा रागन्हिल्डनं, जिचा नवरा
त्यांच्या पक्षाचा बिल्ला लावून हिंडे,
रुमालात गुंडाळून एक अंडं ठेवलं.

जूनमध्ये तिलाच मुलगा झाला.
नोंद कुठल्या वहीत करायची, मी दबक्या आवाजात विचारलं.
तोर्लाइफ ओल्या हातानं
बाळाचं डोकं सावरत राहिला.
मागच्या बाकावर बिल्लेवाला बाप,
टोपी गुडघ्यावर, नजर जमिनीला.

एइविनची नोंद कचेरीत नाही अजून.
आता तो चालतो. हाक मारली की थांबतो,
कधी थांबतही नाही.