मानस

फोंड्यात, बेकरीच्या माडीवर माझी खोली.
दोन खुर्च्या खिडकीकडे तोंड करून, जरा तिरक्या,
फेरीबोटीत शेजारी बसावं तशा.
डोळ्यांना डोळे भिडले
की माणसं बरी असल्यासारखी बोलतात.

वही पहिले काही दिवस मिटलेली.
"का?" मी विचारत नाही.
"मग?" पुरतं.

आवेलीनचा नवरा आठ महिने बोटीवर.
ती तीन मंगळवार फक्त गळक्या टाकीबद्दल बोलली.
मीही टाकीबद्दलच विचारलं:
कुठून गळते, रात्री आवाज येतो का.

दिवाडीला बाबा खाजनाच्या बांधावर मानस राखायचे.
मानस म्हणजे लाकडी दारं, नदी आणि शेत यांच्यामध्ये.
भरतीत नदीच ती लोटून लावते,
ओहोटीत आतलं पाणी आपणहून ढकलतं.
सात वर्षांची असताना भर भरतीत
मी दोर ओढून पाहिला होता.
बाबा ओरडले नाहीत.
म्हणाले, खारं आत गेलं
तर तीन वर्षं भात नाही, बाये.

तरी शांबाच्या वेळी ओढलाच.
दुसऱ्याच भेटीत त्याला भावाचं नाव घ्यायला लावलं.
पैसे मोजून टेबलावर ठेवले त्यानं, सुट्टेसुद्धा,
आणि पुन्हा आला नाही.
वहीत त्याचं पान अजून आहे.
फाडत नाही.

चौथा मंगळवार.
"टाकी दुरुस्त झाली," आवेलीन म्हणते,
आणि तिच्याकडे बोलायला काहीच उरत नाही.
खालून भाजत्या उंड्यांचा वास वर येतो.
ती पर्सची चेन उघडते, लावते,
उघडते.

मी खिडकीबाहेर बघते.
"मग?" सुद्धा म्हणत नाही.