बेस तारीख

गाडी चालवायची भीती मला कधीच नव्हती.
भीती थांबवायची.

नंदगडहून निघालं की मलप्रभेचा पूल,
इदलहोंड, प्रभुनगर, देसूर,
एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात भाजक्या शेंगा.
पिरनवाडी आली की शेंगा नीलाच्या ओटीत
आणि दोन्ही हात चाकावर,
कारण पुढे बेळगाव.
तिथे पाहुण्याला जागा होते,
पाहुण्याच्या अल्टोला होत नाही.

गेल्या खेपेला गणपत गल्लीला तीन वेढे घातले.
फट दिसेल तिथे दुकानदाराचीच स्कूटर,
स्कूटर नसेल तिथे खुर्ची,
खुर्ची नसेल तिथे धोंडा,
शेंदूर तेवढा लावायचा राहिलेला.
"इल्लि हच्चब्याडरी," भांडीवाला म्हणाला.
शेजारच्या सोनाराने तेच मराठीत सांगितलं,
जरा गोड करून.

मग बोगारवेशीकडे एक मोकळी कड सापडली.
कडेला पाटी, सगळी कानडीत.
मला कानडी बोलता येतं, कानडीत भांडता येतं,
वाचता येत नाही.
नीला कित्तूरची, कानडी शाळेतली.
एकवीस वर्षं पाट्या तीच वाचते
आणि मी वळतो.
ती सावकाश वाचू लागली, "बेस तारीख..."
मी म्हटलं, बेस!
आणि हँडब्रेक ओढून उतरलोसुद्धा.
पुढचं वाक्य तिने काचेला ऐकवलं.

कानडीत बेस म्हणजे विषम.
त्या दिवशी चौदा तारीख होती.
कुंद्याचा डबा घेऊन परत आलो
तर गाडीच्या जागी डांबरावर खडूने
आमचाच नंबर, आणि खाली ठाण्याचं नाव.
तेही तिनेच वाचलं.

म्हणून या शनिवारी मच्छेलाच थांबलो.
फाउंड्रीतला जुना सोबती नागोजी,
त्याच्या परड्यात, फणसाखाली गाडी लावली.
"किल्ली ठेवून जा गा," तो म्हणाला,
"पिंजराची ट्रॉली आली तर सरकवायला लागंल."
वडगावला मेव्हणीकडे दोन रात्रींची वस्ती,
पिशवीत कपडे, फणसाचे गरे, आणि किल्लीच्या जागी
खिशात नुसताच हात.

बस लाल, दारापर्यंत भरलेली.
कंडक्टरबाईने नीलाचं आधार कार्ड बघितलं,
मशिनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढलं.
माझे वीस.
"बघा," नीला म्हणाली, "सरकारला मी जड नाही."
आणि पुढे, बायकांच्या बाकावर, खिडकीशी जाऊन बसली.
मी मागे दांड्याला.

उद्यमबागेपासून तिचे ओठ हलायला लागले.
वाचत होती.
दुकानं, दवाखाने, लग्नाचे हॉल, भिंतीवरच्या जाहिराती,
कुणाला सांगायचं नाही, कुणी वळायचं नाही.
एका पाटीला हसली.
मी वाकून बघेपर्यंत पाटी मागे गेली होती.

गोवावेशीच्या चौकात सगळंच तुंबलं.
खिडकीखाली एक पांढरी गाडी, कोल्हापूरची,
मागच्या सीटवर उशा, पोरं, कलिंगड.
त्याने काच खाली केली.
"ताई, इथं पार्किंग कुठं असतं हो?"
"आज तारीख काय?"
"सतरा."
"मग बेस."
त्याचा चेहरा उजळला. मी ओळखला तो चेहरा.
"तसलं बेस नव्हे," ती म्हणेपर्यंत
बसने हिसका दिला,
आणि तिचं पुढचं वाक्य या वेळीही
रस्त्यालाच मिळालं.

सोमवारी सकाळी परत मच्छेला.
गाडी फणसाखालून गोठ्याशी आलेली,
बॉनेटवर नागोजीची मांजरी, पोट टेकून, गाढ.
मी हात उचलला.
"असू दे," नीला म्हणाली, "उठेल तेव्हा उठेल."

तिथेच पिशव्या ठेवून थांबलो.
उन्हात, बरंच.
नागोजीने चहा आणला. तीन कप.