स्टेपनीसकट पाच

नाना पेठेत मुर्तझाभाईंच्या दुकानात
टायरच्या थप्प्यांमधून आडवं होऊन आत जावं लागतं.
म्हटलं, चिखलात चालणारे हवेत, पण गप्प.
ते हसले. "ताई, दोन्ही पाहिजे?
मग थोडं इकडचं सोडा, थोडं तिकडचं."

जुने मी स्वतःच घेतले होते, हौसेने.
दात असे की नांगराचा फाळ लाजावा.
वेल्ह्याच्या चढावर कधी दगा दिला नाही,
पण डांबर लागलं, काटा साठच्या पुढे सरकला
की गाडीत पिठाची गिरणी.
आठ वर्षं विहिरींची पातळी मोजत हिंडतेय,
मुळशी, वेल्हे, भोरच्या वरच्या अंगाला,
आणि परवा कानाच्या डॉक्टरांनी
उजव्या कानाची रेघ काढून दाखवली,
शेवटाकडे खचत गेलेली,
मे महिन्यातल्या आमच्या आलेखांसारखी.
हे पाणी परत भरत नाही, असं ते म्हणाले नाहीत.
मीच वाचलं.

मुर्तझाभाईंनी एक टायर आडवा पाडला,
चष्मा कपाळावर सरकवला.
"ठोकळे बघा. सगळे एका मापाचे असले
की रस्त्यावर एकच सूर धरतात, तोच डोक्यात जातो.
यात एक रुंद, एक अरुंद, मग दोन मधले,
कंपनीने मुद्दाम गोंधळ घातलाय.
आवाज असतोच, ताई. गोळा होत नाही, एवढंच."
मी अंगठ्याचं नख रबरात रुतवून पाहिलं.
नव्या टायरला बारीक रबरी केस असतात,
तान्ह्या बाळाच्या कानावर असते तशी लव.
कडेचे चार आकडे वाचले : कितवा आठवडा, कुठलं साल.
किंमत ऐकली. पुन्हा एकदा ऐकली.
कान अजून बरा आहे म्हणायचा.

"चार की पाच?"
पाच. नाहीतर पंक्चर व्हायचं नेमकं घाटात
आणि मग तीन मुक्यांत एक बोंबलणारा.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा दशरथ मारणे चालवायला.
चांदणी चौक मागे पडला
आणि गाडीतलं एकेक ऐकू यायला लागलं :
मोजटेपचा डबा, मागच्या दाराची सैल कडी,
बाटलीत हिंदकळणारं पाणी.
भूगाव गेलं. पिरंगुट गेलं.
दशरथ स्टिअरिंग धरून नुसता ताठ.
आठ वर्षांत आमचं बोलणं म्हणजे
डावीकडे, थांब, चहा, किती मीटर,
सगळं ओरडून.
मला वाटायचं, माणूस अबोल आहे.

पौडच्या अलीकडे तो म्हणाला, समोर बघत,
"मॅडम, टायर चांगले आहेत."
मग बऱ्याच वेळाने,
"आधीच्या आवाजात मी बोलायचो जरा.
घरी पोरं असतात, सून असते,
हिच्याशी बोलायला जागाच नाही राहिली.
गाडीत बरं पडायचं."

कांताबाई गेल्या त्याच वर्षी तो आमच्याकडे लागला.
अर्ज मीच वाचला होता.
आठ वर्षं हातभर अंतरावर बसून
मी विहिरीत पाणी किती खाली गेलं ते लिहीत होते.

काय बोलायचास, ते विचारलं नाही.
पुढे डांबर संपलं. त्याने लिव्हर ओढला,
टायरांनी दगड धरला, सोडला, पुढचा धरला,
हूं नाही की चूं नाही.
हिशेबाने पैसे वसूल.

चढ संपून परत डांबर लागलं
तशी मी माझ्या बाजूची काच खाली केली,
पूर्ण.
वारा भसकन आत आला, तक्ते उडाले,
ते गोळा करून मांडीखाली दाबले.
उजवा कान, तो खचलेला,
तसाही दशरथच्याच बाजूला असतो.