काटापावती

उचगावात, पिठाच्या गिरणीमागं,
निळ्या ताडपत्रीखाली ती उभी होती.
भूपाल आवटींनी ताडपत्री ओढली, तशी
दोन मांजरं उतरली आणि वर्षभराची धूळ.
"बघा की," म्हणाले, "बघायला पैसे नाहीत."

दोन चाकं, पत्र्याचं अंग, आत सहा फुटी पलंग,
पलंगाखाली खण, खणात टोपाची जागा,
टोपाएवढीच.
चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा राहिलेला माणूस
जागा वाया घालवत नाही.
बिजागऱ्यासुद्धा घरच्या. विकतची वस्तू एकच,
बेसिनचा नळ, आणि तोच गळत होता.
हे त्यांनीच सांगितलं, मी विचारायच्या आधी.

मी यादी करून नेली होती:
चासी, गंज, टायरची झीज.
सुयोग मोबाईलचा उजेड घेऊन खाली शिरला
आणि तिथूनच ओरडला,
"आई, वेल्डिंग बघ, शिवण घातल्यागत आहे!"
झालं. भाव तिथंच चढला.
पोरांना नेऊ नये असल्या सौद्याला.

"कागद?"
होते. तेलाच्या डागांसकट, दुधाच्या पिशवीत.
आरटीओत हिची नोंद शेतीची ट्रॉली.
"घराचा रकानाच नव्हता त्यांच्याकडं.
आपल्याकडं ट्रॉली म्हटली की ऊस.
साहेबानं विचारलं, किती टन बसतो?
म्हटलं, दोन माणसं बसतात. आणि एक स्टो."

त्याच पिशवीत दोन पावत्या, कारखान्याच्या काट्याच्या,
एकाच तारखेच्या, सहा मिनिटांच्या अंतरानं:
सात क्विंटल नव्वद.
सात क्विंटल चाळीस.
मला वाटलं, चूक असेल.
"पहिल्यांदा राजमती आतच बसून राहिली.
खिडकीतनं भांडत होती काटेवाल्याशी,
उसाला मारतोस तसा मलाबी काटा मारशील म्हणून.
मग तिला उतरवून परत केला."

कुठं कुठं नेली?
दाजीपूर दोनदा. तिलारी एकदा.
पुढच्या खेपेला तिच्या गुडघ्याला पायरी नको झाली.
"नऊ इंचाची होती. मी सहाची केली.
मग चारची.
चारच्या खाली पायरी राहत नाही हो,
जमीनच असते."

एक लाख दहा म्हणाले. मी ऐंशी म्हणाले.
चहा आला. बशीत ओतला, फुंकला.
पंच्याण्णववर दोघंही गप्प बसलो,
म्हणजे ठरलंच होतं.

तेवढ्यात त्या बाहेर आल्या,
गुडघ्यावर पट्टा, हातात वेताची काठी.
"पडदे माझे आहेत. पडदे विकलेले नाहीत."
कुणाचा हात न घेता पायरी चढल्या.
चार पडदे, पिवळ्या चौकटीचे,
रिंगा मोजायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला.
पलंग एकदा करकरला.
आवटी टायरकडं बघत राहिले. हाक मारली नाही.

त्या उतरल्या, पडदे पोटाशी धरून.
मी जरा निगरगट्टपणानं म्हणाले,
"पंच्याण्णव पडद्यांसकट होते."
त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"ब्याण्णव," म्हणाल्या,
नवऱ्याला न विचारता,
आणि आत गेल्या.

तावडे हॉटेलच्या चौकात सगळ्यांना सगळं दिसत होतं,
उघड्या काचांतून आमचा रिकामा पलंग.
एका रिक्षावाल्यानं मान वाकवून आरपार पलीकडचा सिग्नल पाहिला.

शिरोलीच्या काट्यावर मी बोलेरो थांबवली.
"कशाला?" सुयोग म्हणाला. मला सांगता आलं नाही.
जोड सोडून नुसती तीच तोलली.
सात क्विंटल वीस.
वीस किलो कमी.
नळ तर तसाच होता. टोप मी पुन्हा पाहिला, होता.
चार पडद्यांचं इतकं वजन नसतं.

"माल काय लिहू?" काटेवाल्यानं विचारलं,
आणि माझी वाट न बघता लिहिलं,
रिकामी.
ती पावती मी त्या दोघींशेजारी ठेवली,
दुधाच्या पिशवीत.