तीन बोटं खाली

मार्चपासून बाबा ट्रकभोवती नुसते फिरतात.
दार उघडतात, सीटवर हात ठेवतात,
नवा गुडघा विचार करतो, जुना नाही म्हणतो,
मग दार लावून
टायरची हवा बघायला आल्यासारखं करतात.

इथे एस्पान्योलात ट्रक खाली बसवणारी पोरं वेगळी.
जांभळा रंग, क्रोमचे नट,
रविवारी संध्याकाळी रस्त्याला पोट टेकवत
मुंगीच्या चालीनं मिरवतात.
युसेबिओ आर्चुलेता त्यातले नव्हेत.
तीस वर्षं पाटाचं पाणी वाटलं त्यांनी,
कुणाच्या शेताला किती तास, वहीत लिहून.
हौद्यात दोन फावडी, एक कुदळ, गोणपाट.
ट्रक म्हणजे त्यांच्या लेखी उंच बसायची जागा,
कुणी पाटाचं दार चोरून उचललंय
ते लांबून दिसावं म्हणून.

मी म्हटलं, दोनच इंच. तीन बोटं.
म्हणाले, शॉकला हात लावायचा नाही. कंपनीचे आहेत.
म्हटलं, दोन लाख चौदा हजार मैल झालेत, बाबा.
म्हणाले, मग? माझेही झालेत.

बंपरवर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडला.
एकदा वर आला, एकदा खाली, आणि गप्प.
वजन पेलते ती स्प्रिंग.
शॉक काहीच पेलत नाही,
तो फक्त तिला म्हणतो, पुरे आता, किती उसळशील.
आमच्या घरात हे काम आईकडे होतं.

शनिवारी फिलेमोनच्या शेडमध्ये जॅक लावला.
खालच्या बॉल जॉइंटनं दीड तास घेतला,
माझ्या अंगठ्याची साल घेतली,
आणि फिलेमोनच्या तोंडून त्याच्या आजीला न शोभणारं बरंच काही.
नव्या स्पिंडलवर चाकाचा दांडा दोन इंच वर बसवलेला असतो.
चाक वर सरकतं, ट्रक खाली येतो,
स्प्रिंगला कळत नाही, शॉकला तर नाहीच.
घरात सगळं जिथल्या तिथे,
फक्त जमीन जवळ आलेली.

मागे तसं फुकट काही मिळत नाही.
पाट्यांच्या टोकाला लांब शॅकल घातले,
तर शॉक आखडून बसला,
पाहुण्यांनी भरलेल्या बाकावर कडेला बसतो तसा.
मग त्याच्या खालच्या टोकाशी लोखंडाचा छोटा तुकडा जोडला,
पूर्वीइतकी जागा दिली हातपाय पसरायला.
बाबा खुर्चीवरून बघत होते.
म्हणाले, मलाही असला एक तुकडा बसवा.
हसलो आम्ही. ते नाही हसले.

अंधार पडता पडता ट्रक चाकांवर उतरला.
बाबा आले. दार उघडलं.
आधी ढुंगण, मग एक पाय, मग हातानं उचलून दुसरा.
बसले.
मी बोल्ट मोजत राहिले, मोजायचे नव्हते तरी.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
मार्तिनेसच्या कुंपणापलीकडचं दिसत नाही इथून.

तीन बोटं.
तेवढ्यानं पाटाचं दार त्यांच्या काचेतून गेलं होतं.
हे मी कुठेच मोजलं नव्हतं.

काही न बोलता त्यांनी किल्ली फिरवली.
वळणावर गुरं अडवणारे लोखंडी रूळ लागले,
ट्रक एकदा उसळला,
आणि कुणीतरी म्हटल्यासारखा शांत झाला.
कुंपणापाशी थांबवला.
म्हणाले, आता उतरून बघावं लागणार.
मी माझ्या बाजूचं दार उघडेपर्यंत
ते उतरलेही होते,
धरायला काही न शोधता,
आणि टॉर्च गाडीतच विसरून
पाण्याच्या आवाजाकडे निघाले होते,
शिव्या देत,
कारण दार खरंच कुणीतरी उचललं होतं.