चौदा नंबरची काच

टेंबलाई रुसलेली,
शहराकडं पाठ करून बसलेली,
म्हणून तिच्या टेकडीवरून
उगवती अशी मोकळी दिसते.
त्या अवसेच्या पहाटे अर्धं उद्यमनगर तिच्या पायऱ्यांवर होतं.
मफलरी, कानटोप्या, खांद्यावर झोपाळलेली पोरं,
आणि खालून, उसावरच्या धुक्यातून
गुऱ्हाळाचा गोड, करपट वास
पार वरपर्यंत.

आण्णांच्या खिशात काच होती.
चौदा नंबरची, काळीकुट्ट, अर्ध्या पोस्टकार्डाएवढी,
कोपऱ्याला टवका उडालेली.
रोजचं वेल्डिंग ते अकरा नंबरवर करायचे.
ही खास सूर्यासाठी, उधारीवर.
टेकडीवर तेवढी एकच.

बिरनाळे मास्तरांनी नियम घातले:
काच प्रत्येकी दहा आकडे.
पुरता झाकला की मी शिट्टी मारीन.
तेव्हा, फक्त तेव्हाच, उघड्या डोळ्यांनी.
शिट्टी पीटीच्या तासाची,
गळ्यात लाल नाडीला.

सूर्य उगवला तोच उष्टा.
शिरोलीच्या धुराड्यांमागून वर आला,
कुणी घास तोडून परत दुरडीत ठेवलेल्या भाकरीसारखा.
"आयला, फुटकाच आला की!"
इलाही चहावाला म्हणाला.
कुणी हसलं नाही.

काच फिरू लागली.
सुसाबाई चौगुल्यांनी ती आधी कपाळाला लावली.
म्हशीची धार अर्धी टाकून आलेला म्हादबा
आकडे मुद्दाम लांबवायचा, साऽत... आऽठ...
मागं पोरं बोंबलायची.
उजेड पातळ होत गेला,
पाणी घालून वाढवलेल्या दुधासारखा.
आत्ताच झाड सोडलेले कावळे
गुमान परत झाडात शिरले.
पायरीवरच्या माझ्या सावलीत
वेणीतून सुटलेला एकेक केस मोजता येत होता.

मग माझी पाळी.
एक, दोन, तीन.
काचेत हिरवट कोर, कापलेल्या नखाएवढी.
चार, पाच. दोरा.
सहा.
काहीच नाही.
काच फ्रॉकला पुसली, परत लावली.
काहीच नाही.
सात आठ नऊ दहा झाले,
अकरा, बारा,
तरी कुणी काच मागेना.

शिट्टी झाली नव्हती.
ती मास्तरांच्या खालच्या ओठाला चिकटून राहिली होती
आणि वरचा ओठ कुठल्या कुठं गेला होता.

वर बघायची परवानगी नव्हती,
म्हणून मी काच काढून माणसं बघितली.
सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला वळलेली,
तांब्याच्या जुन्या घंगाळाच्या रंगाची.
इलाहीचा स्टोव्ह एकटाच निळा.
खाली शहरात रस्त्यांवरचे दिवे लागलेले,
आणि चारी अंगांनी क्षितिजाला
सांज झालेली.
आण्णा.
रात्री डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून
"वाळू गेलीया नुसती" म्हणत पडणारे आण्णा
मान वर करून, डोळे फाडून
उघडे उभे होते.
घरात मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं,
त्यांनी काहीतरी मागितलंय
आणि ते लगेच मिळालंय, असं.

मग त्यांच्या डाव्या गालावर
उजेडाचा एक थेंब पडला.
टेकडीभर एकच आरोळी उठली,
आणि तेव्हा कुठं मास्तरांची शिट्टी वाजली.
मी वर बघणार,
तोच आण्णांचा तळवा माझ्या दोन्ही डोळ्यांवर.
खरखरीत, जळक्या लोखंडाच्या वासाचा.
तिथंही अंधारच.

"दे दान, सुटं गिराण!"
पायथ्याशी हाळी सुरू झाली.
म्हादबा म्हशीकडं पळाला.
सुसाबाईंनी पदरातले तांदूळ मोजून दिले,
मग न मोजता दिले.
इलाहीनं पहिल्यांदाच फुकट चहा वाटला
आणि नंतर वर्षभर ते बोलून दाखवलं.

उतरताना आण्णांनी विचारलं,
"मग? कसा दिसला?"
मी म्हटलं, "तोंड उघडं होतं."
"कुणाचं?"
तोवर खाली रिक्षा सुरू झाली होती.